शिट्टी मारणारा माईक: फीडबॅक सप्रेसरची जोडणी, बटणं आणि नागपूरचा उन्हाळा

नागपुरातल्या मध्यम आकाराच्या समाजभवनांची बांधणी बहुतेक सारखीच असते. खाली गुळगुळीत टाइल्स, वर सिमेंटचा सपाट स्लॅब, दोन्ही बाजूंना लोखंडी शटर आणि मंचामागे उघडी भिंत. आवाज शोषून घेईल असं तिथे लोकांच्या अंगावरच्या कपड्यांशिवाय काहीच नसतं. दक्षिण नागपुरातल्या अशाच एका भवनात आम्ही फीडबॅक सप्रेसर, म्हणजे माईकची शिट्टी दाबणारं मशीन, बसवला, त्या कामाचा हा तपशील. सभागृह साधारण १८ मीटर लांब, ११ मीटर रुंद, छत सव्वाचार मीटरवर. सकाळी साक्षगंध, दुपारी सत्कार, संध्याकाळी खंजिरी भजन, असा तिथला वापर. भवन सांभाळणाऱ्या काकांची तक्रार एका वाक्याची होती: "भाऊ, माणूस जरा हळू बोलला का माईक शिट्टी मारून राह्यला."

शिट्टी का येते हे आधी नीट समजून घ्यावं, कारण मशीनची प्रत्येक कळ त्याच्याशीच बांधलेली आहे. माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो आणि हवेतून फिरून परत त्याच माईकमध्ये शिरतो. एखाद्या फ्रिक्वेन्सीला हा फेरा पूर्ण करून आलेला आवाज मूळ आवाजाइतका किंवा त्याहून मोठा असला आणि लाटेवर लाट बरोबर बसली, की ती फ्रिक्वेन्सी स्वतःच स्वतःला वाढवत सुटते. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन इफेक्ट म्हणतात. माईक आणि स्पीकर यांच्यात ३ मीटर अंतर असेल तर लाट जुळण्याच्या जागा साधारण ११५ हर्ट्झच्या अंतराने येतात. ६ मीटर असेल तर ५७-५८ हर्ट्झच्या. त्यातली ज्या जागी एकूण गेन (आवाजाची वाढ) सगळ्यात जास्त, तिथे पहिली शिट्टी. माईक हातभर सरकवला तरी या सगळ्या जागा बदलतात. म्हणजे मशीन जे काही शिकतं ते एका ठरावीक जागी ठेवलेल्या माईकपुरतं शिकतं.

सप्रेसर काय करतो? जी फ्रिक्वेन्सी वाढत चालली आहे ती ओळखतो आणि तिच्यावर एक अरुंद नॉच फिल्टर, म्हणजे फक्त तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारी खाच, बसवतो. हे काम ३१ बँडच्या ग्राफिक इक्वलायझरनेही होतं, पण त्याची एक पट्टी एक-तृतीयांश ऑक्टेव्हची (ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक). १ किलोहर्ट्झची पट्टी खाली ओढली की सुमारे २३० हर्ट्झ रुंदीचा आवाज जातो, आणि त्यात बोलणाऱ्याच्या आवाजाचा गाभाही जातो. एक-दशांश ऑक्टेव्हचा नॉच तिथेच फक्त ७० हर्ट्झच्या आसपास जागा घेतो. शिवाय पट्ट्यांच्या जागा ठरलेल्या असतात. शिट्टी २.८ किलोहर्ट्झला आली तर ती २.५ आणि ३.१५ च्या मधोमध पडते, आणि दोन्ही पट्ट्या ओढाव्या लागतात. सप्रेसरचा नॉच नेमका २.८ वर बसतो.

बेहरिंगरच्या एफबीक्यू २४९६ मध्ये एका चॅनेलला २० फिल्टर आहेत, डीबीएक्सच्या एएफएस २ मध्ये २४. हे आकडे पाहून लोक मशीन निवडतात, पण फिल्टर जास्त म्हणून शिट्टी कमी, असं होत नाही. आठ-दहा फिल्टरनंतर पुढचा प्रत्येक फिल्टर आवाज पोकळ करतो आणि फायदा जवळपास देत नाही. चांगल्या बसवणुकीत मशीनकडून जादा ३ ते ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) मिळतात. वक्त्याचं तोंड माईकपासून ३० सेंटीमीटरवरून १५ वर आणलं तर तेवढेच ६ डीबी फुकट मिळतात. उघडे माईक दुप्पट झाले की ३ डीबी जातात. चार माईक चालू असतील आणि बोलणारा एकच असेल तर तीन बंद करून ६ डीबी परत येतात. हा हिशेब भवनाच्या समितीला मशीन घेण्याआधीच सांगावा, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतात.

म्हणून मशीन खोक्यातून काढण्याआधी आम्ही जागा बदलल्या. जुने कॉलम स्पीकर मंचामागच्या भिंतीवर, बोलणाऱ्याच्या पाठीमागे लटकलेले होते. ते मंचाच्या कडेपासून दीड मीटर पुढे, दोन्ही बाजूंना स्टँडवर आणले आणि किंचित आत, श्रोत्यांच्या मधल्या रांगांकडे वळवले. पोडियममागच्या उघड्या भिंतीवर जाड मखमली पडदा चुण्या घालून सोडला. ताणून लावलेला पडदा फार काही शोषत नाही. मॉनिटरची, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरची, जागा माईकच्या जातीवर ठरते. कार्डिऑइड माईक ठीक मागून, म्हणजे १८० अंशांवरून, सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड मात्र १२५ अंशांच्या आसपास बहिरा असतो आणि ठीक मागून थोडा ऐकतो, त्यामुळे त्याचा मॉनिटर गायकासमोर सरळ न ठेवता एका बाजूला तिरपा ठेवावा लागतो. एवढ्यावरच ग्रुपचा फेडर (मिक्सरवर सगळ्या माईकचा आवाज एकत्र वर-खाली करणारी सरकपट्टी), जो आधी उणे १२ ला बोंबलत होता, उणे ६ पर्यंत शांत राहू लागला. हे सहा डीबी मशीनच्या खात्यात धरायचे नाहीत.

आता जोडणी. सप्रेसर हे लाइन लेव्हलचं, म्हणजे मिक्सरमधून निघालेल्या मोठ्या सिग्नलवर चालणारं, यंत्र आहे. माईक आणि मिक्सर यांच्यामध्ये ते कधीही लावायचं नाही: माईकचा सिग्नल तिथे फार लहान असतो, शिवाय पोडियमच्या गूजनेक (वाकणाऱ्या दांड्याच्या) माईकला लागणारे, मिक्सरकडून वायरीतूनच येणारे ४८ व्होल्ट फँटम मशीनमधून पलीकडे जात नाहीत. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये तर मुळीच नाही. तिथे दहा-वीस नव्हे, १०० व्होल्टची लाइन असू शकते आणि मशीन जागच्या जागी जळतं. मशीनची जागा मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये. अनेक भवनांत मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात असतात. त्याला मागे प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन अशी जोडी असेल तर तिथे मशीन बसतं. नसेल तर वेगळा लहान मिक्सर घेऊन त्या डब्याच्या ऑक्झिलरी इनपुटला द्यावा, आणि डब्यावरचे माईकचे सगळे गेन शून्यावर ठेवावेत.

या भवनात बारा चॅनेलचा वेगळा मिक्सर होता आणि त्याच्या ग्रुपवर इन्सर्ट (सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायचं भोक) होतं, त्यामुळे काम चांगलं झालं. पोडियम, दोन कॉर्डलेस, सूत्रसंचालनाचा टेबलावरचा माईक आणि भजनाचे दोन गाण्याचे माईक एवढे ग्रुप १ मध्ये घेतले. त्या ग्रुपच्या इन्सर्टवर सप्रेसरचा पहिला चॅनेल. हार्मोनियम, तबला, खंजिरी ग्रुपमध्ये न घालता सरळ मेनवर, म्हणजे मिक्सरच्या मुख्य आउटवर. मशीनचा दुसरा चॅनेल ऑक्स १ (मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायची वाट) च्या आउटला, म्हणजे मॉनिटरच्या वाटेवर. मॉनिटरचा फेरा वेगळा, त्याच्या शिट्ट्या वेगळ्या, म्हणून त्याचे फिल्टरही वेगळे हवेत. मशीनवर स्टिरिओ लिंकची सोय असेल तर ती इथे बंद. लिंक चालू राहिली की एका बाजूची शिट्टी दुसऱ्या बाजूचा आवाजही कापते. रेकॉर्डिंगची वायर ग्रुपवरून न काढता वेगळ्या ऑक्समधून काढली, म्हणजे नॉच रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत.

इन्सर्टची वायर हा सगळ्यात जास्त घोळाचा भाग. इन्सर्टचं भोक एकच असतं, पण त्यातून सिग्नल जातो आणि परतही येतो. स्टिरिओ पी-३८ (६.३५ मिलिमीटरची जाड जॅक) पिनच्या टोकावर सेंड, मधल्या रिंगवर रिटर्न, बुडाला ग्राउंड, ही नेहमीची रीत. तरी मिक्सरवर छापलेलं एकदा बघावं. या पिनपासून दोन फाटे फुटतात: सेंडचा मोनो पी-३८ मशीनच्या इनपुटला, रिटर्नचा मशीनच्या आउटपुटला. वाय आकाराची ही वायर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, तयार मिळते, पण आत वायर बारीक आणि डाख लावलेला कच्चा असतो. आम्ही पिना आणि शिल्डेड वायर वेगळी घेऊन घरीच जोडतो. दोन फाटे उलटे लागले तर ग्रुपमधून काहीच आवाज येत नाही. साधी स्टिरिओ ते स्टिरिओ वायर इन्सर्टमधून थेट मशीनला लावली तरी तेच होतं, कारण मशीन सेंड आणि रिटर्नला एकाच बॅलन्स्ड, म्हणजे दोन तारांतून जाणाऱ्या, सिग्नलचे दोन पाय समजतं. आणखी एक: बॅलन्स्ड आउटपुटला मोनो पिन लावली की काही मशीनमध्ये लेव्हल ६ डीबीने पडते. ती बिघाड नव्हे; फेडर तेवढा वर घ्यायचा.

ऑक्सच्या बाजूला बॅलन्स्ड एक्सएलआर वायर वापरली. पिन १ ग्राउंड, पिन २ गरम, पिन ३ थंड. सगळं जोडल्यावर मॉनिटरमध्ये घूं असा हम आला. मशीन मंचावरच्या रॅकमध्ये आणि मिक्सर मागच्या टेबलावर, दोघांचे पॉइंट वेगवेगळ्या बोर्डांवर, म्हणजे ग्राउंड लूप. यावर प्लगमधली अर्थिंगची तार कापणारे बरेच दिसतात. ते कधीही करू नये. माईक धरलेल्या माणसाला शॉक बसायची वाट तिथूनच उघडते. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्यावीत. तरी हम राहिला तर सिग्नल वायरची शिल्ड फक्त घेणाऱ्या टोकाला सोडवावी आणि त्या वायरवर टेप लावून तसं लिहून ठेवावं. इथे एक्स्टेन्शन ओढून दोन्ही एका बोर्डावर आणल्यावर हम गेला. परदेशातून आलेल्या जुन्या मशीनच्या मागे व्होल्टेजचा स्विच असतो; तो ११५ वर असेल तर आपल्या २३० व्होल्टला फ्यूज तरी जातो नाहीतर पॉवर सप्लाय.

मागेच आणखी एक छोटा स्विच असतो, +४ आणि -१०. त्याकडे फार थोडे लोक बघतात आणि तिथेच अर्धं काम बिघडतं. +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, -१० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट; दोघांत जवळजवळ १२ डीबीचा फरक. मिक्सर +४ चा आणि मशीन -१० वर असेल तर मशीनचा क्लिपचा लाल दिवा प्रत्येक टाळीला लागतो आणि आवाज फाटतो. उलट असेल तर मशीनला सिग्नल इतका बारीक मिळतो की शिट्टी बऱ्यापैकी मोठी होईपर्यंत ती त्याच्या लक्षात येत नाही. आम्ही स्विच +४ वर ठेवला, नेहमीच्या आवाजात बोलून मीटर मध्यावर आणला आणि जोरात ओरडल्यावरही क्लिपच्या खाली ६ ते १० डीबी शिल्लक राहतील एवढीच लेव्हल दिली. मशीनवर इनपुट आणि आउटपुट गेनच्या दोन्ही घुंड्या असतील तर बायपास करून आणि काढून आवाज सारखाच राहतो का, हे आता, माईकचा गेन कमी असतानाच, तपासून घ्यायचं.

पुढच्या पॅनलवर नावं कंपनीप्रमाणे बदलतात, कामं तीच. क्लिअर किंवा रिसेट सगळे फिल्टर पुसतं. बऱ्याच मशीनवर ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. फिल्टर दोन प्रकारचे असतात. फिक्स्ड फिल्टर एकदा बसला की तिथेच राहतो. डायनॅमिक किंवा लाइव्ह फिल्टर कार्यक्रम चालू असताना नवी शिट्टी आली की धावून जातो, आणि सगळे वापरून झाले की सगळ्यात जुना उचलून नव्या जागी नेतो. एकूण फिल्टरपैकी किती फिक्स्ड ठेवायचे हे आपण ठरवायचं. स्पीच आणि म्युझिक या निवडीत नॉचची रुंदी बदलते: स्पीचला रुंद, म्युझिकला अरुंद. लिफ्ट टाइम असेल तर तो डायनॅमिक फिल्टर किती वेळाने आपोआप सोडायचा ते सांगतो. लॉक दाबलं की फिल्टर आहेत तिथे गोठतात. आणि बायपास. बायपास आणि क्लिअर या दोन कळांना कार्यक्रमात हात लावायचा नाही. फिल्टरच्या आधारावर गेन वर नेलेला असतो. आधार काढला की दबलेल्या सगळ्या शिट्ट्या एकदम पूर्ण ताकदीने येतात, आणि कॉलमचे ट्विटर त्यातच जातात. दाबायचीच असेल तर आधी ग्रुप फेडर खाली.

आता मुख्य काम, फिल्टर बसवणं, म्हणजे साउंडवाल्यांच्या भाषेत रिंग आउट. ज्या अवस्थेत कार्यक्रम होणार त्याच अवस्थेत हे करायचं. शटर जेवढी उघडी राहणार तेवढी उघडी, खुर्च्या मांडलेल्या, आणि नागपुरात अत्यंत महत्त्वाचं म्हणजे कूलर चालू. मोठे कूलर बंद ठेवून शांत हॉलमध्ये लावलेली लेव्हल दुपारी कोणालाच पुरत नाही. साउंडवाला गेन चढवतो आणि सगळी मेहनत वाया जाते. या भवनात एका कूलरचा झोत सरळ पोडियमवर येत होता. तो आधी वळवला आणि गूजनेकवर स्पंजची टोपी घातली, कारण झोताची धडधड माईकमधून मशीनपर्यंत जाते आणि खालच्या फ्रिक्वेन्सीत उगीच गोंधळ करते.

सगळ्या बोलण्याच्या चॅनेलवर लो-कट (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारी कळ) दाबला. कॉम्प्रेसर आणि गेट बंद. हे दोन्ही बंद असणं गरजेचं आहे: गेट चालू असेल तर कोणी बोलत नसताना तो माईक आपोआप मिटवून ठेवतो, मग शिट्टी यायची कशी, आणि कॉम्प्रेसर वाढणाऱ्या शिट्टीला दाबून ठेवतो, त्यामुळे मशीनला ती वाढताना दिसत नाही. इको शून्यावर. मेनवरच्या ग्राफिकच्या पट्ट्या सरळ. मग ग्रुप फेडर अगदी सावकाश वर. पहिली आली ती शिट्टी नव्हे, २५० हर्ट्झच्या जवळची घूं. सिमेंटच्या हॉलमध्ये ती येतेच. तिच्यावर फिल्टर खर्च करू नये. असा रुंद फुगवटा ग्राफिकचं काम आहे, म्हणून २५० आणि ३१५ च्या पट्ट्या ३-३ डीबी खाली घेतल्या. मोबाइलवरचं स्पेक्ट्रमचं ॲप इथे कामाला येतं. कोणता खांब वर चालला आहे ते डोळ्यांनी दिसतं.

त्यानंतर मशीनचं सेटअप चालू केलं, नऊ फिल्टर फिक्स्ड आणि तीन डायनॅमिक ठेवले आणि पुन्हा फेडर वर नेला. हात एक-एक डीबीने चालला पाहिजे. २.३ किलोहर्ट्झच्या आसपास बारीक सूर उमटला. इथे फेडर खाली न ओढता तिथेच थांबायचं. सूर अर्धा-एक सेकंद वाढतो, पॅनलवर एक दिवा लागतो आणि सूर विरतो. अनेक मशीन आधी उथळ नॉच लावून गरजेप्रमाणे तो थोडा-थोडा खोल करतात, त्यामुळे पहिल्यांदा पूर्ण शांत झालं नाही तर घाबरायचं नाही. फेडर पुन्हा एक डीबी वर, मग १.१ किलोहर्ट्झ, मग ३.६. हाताने झटकन चार-पाच डीबी चढवले तर तीन शिट्ट्या एकदम येतात आणि मशीन त्यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी फिल्टर ठोकतं. असे फिल्टर सगळ्यात वाईट, आवाज कापतात आणि शिट्टी तशीच ठेवतात.

थांबायचं कधी? नवा फिल्टर बसल्यावर फेडर एक डीबीही पुढे सरकत नसेल, तर तिथे. इथे सात फिल्टरनंतर तसं झालं. उरलेले दोन फिक्स्ड रिकामे ठेवले. भरण्याचा हट्ट करू नये. फेडर आता उणे १ पर्यंत शांत होता, म्हणजे मशीनने पाच डीबी दिले. त्यातले चार डीबी सुरक्षेसाठी परत खाली घेतले आणि फेडरच्या कडेला पांढऱ्या टेपची खूण केली. काठावर चालवलेला माईक शिट्टी मारत नसला तरी प्रत्येक शब्दामागे कण्हतो, आणि ऐकणाऱ्यांना भाषण कळायला त्रास होतो. मॉनिटरचा चॅनेल नंतर, मेन चालू ठेवूनच, याच पद्धतीने लावला. शेवटी कॉर्डलेस हातात घेऊन पोडियमपासून मंचाच्या दोन्ही टोकांपर्यंत आणि खाली पहिल्या रांगेपर्यंत चालून पाहिलं. कॉर्डलेसचा फेरा पावलागणिक बदलतो, डायनॅमिक फिल्टर खरे त्याच्यासाठी. स्पीकरच्या पुढे कॉर्डलेस गेला की कोणतंही मशीन हात टेकतं. तिथे जमिनीवर टेपची रेघ मारून पुढे जाऊ नका असं सांगणं हाच उपाय. माईकची जाळी मुठीत धरणाऱ्या वक्त्यांचंही तसंच. जाळी झाकली की कार्डिऑइड माईक सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतो.

उन्हाळ्याचा मुद्दा इथून सुरू होतो, आणि बाहेरच्या गावाहून येणारे तंत्रज्ञ नेमका तोच सोडतात. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंद. सकाळी आठला हॉलमध्ये २८ अंश असतील तर वेग ३४८ मीटर. दुपारी तीनला पत्र्याच्या शटरांच्या आत ४३ अंश झाले की ३५७. फरक अडीच टक्क्यांच्या आसपास. लाट जुळण्याच्या जागा तेवढ्याच वर सरकतात, आणि सकाळी २००० हर्ट्झला असलेली शिट्टी दुपारी २०५० च्या आसपास येते. एक-दशांश ऑक्टेव्हच्या नॉचची तिथली रुंदी १३९ हर्ट्झ, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ७० च्या आत. नवी जागा त्याच्या काठावर पडते, जिथे नॉच फारसा खोल नसतो. म्युझिक मोडमधला एक-साठांश ऑक्टेव्हचा नॉच तिथे फक्त २३ हर्ट्झ रुंद असतो. शिट्टी त्याच्या पार बाहेर गेलेली असते. "सकाळी तर बरोबर होतं" या वाक्यामागे बहुतेक वेळा हे गणित असतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये रिंग आउट दुपारीच, हॉल तापल्यावर करावं आणि स्पीचचा रुंद नॉच घ्यावा. हिवाळ्यात लावलेले फिल्टर उन्हाळ्यात चालवू नयेत. मशीनमध्ये सेटिंग साठवायची सोय असेल तर दोन ऋतूंची दोन सेटिंग ठेवावीत.

भजनाच्या वेळी वेगळी अडचण येते. मशीन शिट्टी ओळखतं ते तिच्या शुद्धतेवरून आणि चिकाटीवरून: एकच फ्रिक्वेन्सी, सोबत स्वरांश (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे बारीक सूर) नाहीत, आणि ती टिकून राहते किंवा वाढते. खंजिरी आणि टाळ यांना मशीन फसत नाही, त्यांचा आवाज क्षणात येतो आणि सगळीकडे पसरलेला असतो. बासरीचा लांब धरलेला सूर मात्र शुद्ध शिट्टीच्या फार जवळ जातो. हार्मोनियमच्या सुरात स्वरांश भरपूर असले तरी मागे धरून ठेवलेला षड्ज मिनिटभर हलत नाही, आणि साधी मशीन तिथे डायनॅमिक फिल्टर लावून मोकळी होतात. मग पेटीवाल्याचा तेवढा एकच सूर बारीक येतो आणि तो बिचारा भाता जोरात मारत राहतो. उपाय सरळ आहे. वाद्यं ग्रुपच्या बाहेर ठेवली आहेतच. गाण्याच्या माईकमध्ये पेटीचा आवाज झिरपतो म्हणून भजन सुरू होण्याआधी लॉक दाबायचं. फिक्स्ड फिल्टर काम करत राहतात, नवे बसत नाहीत. भाषणं सुरू झाली की लॉक काढायचं.

फ्रिक्वेन्सी शिफ्टर नावाचं दुसऱ्या जातीचं मशीनही मिळतं. मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली: सगळा आवाज सुमारे ५ हर्ट्झने सरकवायचा, म्हणजे फेऱ्यात लाटेवर लाट बसतच नाही. निव्वळ भाषणाच्या सभागृहाला ते चांगलं. सुरात मिळवलेल्या तानपुऱ्याशेजारी मात्र ते चालत नाही; गायकाचा थेट आवाज आणि स्पीकरमधला सरकलेला आवाज एकमेकांवर थरथरतात.

भजनी मंडळांना इको हवाच असतो, आणि तो दिल्याशिवाय कार्यक्रम होत नाही हेही खरं. फक्त इकोचा परतीचा आवाज ग्रुप १ मध्ये घालायचा नाही, आणि मॉनिटरच्या ऑक्समध्ये तर अजिबात नाही. मेनमध्ये थोडा दिला की गाणाऱ्यांचं समाधान होतं. सूत्रसंचालकाच्या माईकचा इको पूर्ण बंद. कॉम्प्रेसर नंतर चालू केला तर मेकअप गेन (दाबलेला आवाज परत वाढवणारी घुंडी) शून्य ठेवायचा. नाहीतर वक्ता थांबला की गेन वर येतो आणि बरोबर त्या शांततेत शिट्टी फुटते.

लाईट जाऊन जनरेटरवर गेल्यावर काय होतं, हे मुद्दाम करून पाहिलं. फिक्स्ड फिल्टर मशीनच्या मेमरीत टिकले, डायनॅमिक गेले. सगळीच मशीन असं करत नाहीत, म्हणून कार्यक्रमाआधी एकदा स्विच बंद-चालू करून दिवे मोजावेत. लाईट आल्यावर मशीन तयार होईपर्यंत ॲम्प्लिफायर आधीच जागा झालेला असतो आणि स्पीकरमध्ये धाडकन ठोका बसतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरचा स्विच वेगळ्या बोर्डावर न ठेवता त्याच बोर्डाच्या शेवटी घेतला: चालू करताना मिक्सर, मशीन, मग ॲम्प्लिफायर, बंद करताना ॲम्प्लिफायर पहिला. रॅकमध्ये ॲम्प्लिफायरच्या वर एक युनिट, म्हणजे साडेचार सेंटीमीटर, मोकळं सोडून मग मशीन बसवलं. मे महिन्यात बंद रॅकच्या आत हॉलपेक्षा बरंच जास्त तापतं.

महिनाभराने आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा वाटू लागला तर मशीनला दोष देण्याआधी दिवे मोजावेत. सगळे फिक्स्ड भरलेले दिसले, तर कोणीतरी माईकची जागा बदलून पुन्हा सेटअप दाबला आहे आणि जुने फिल्टर पुसलेले नाहीत. फेडर खाली, क्लिअर, माईक खुणेवर, आणि रिंग आउट पहिल्यापासून. भवनात आम्ही पोडियमच्या पायांच्या चार कोपऱ्यांना जमिनीवर ऑइलपेंटच्या खुणा केल्या आहेत, आणि रॅकच्या दाराच्या आतून कागद चिकटवला आहे: फेडरची खूण, लो-कट चालू, ग्राफिकच्या दोन पट्ट्या, फिल्टर सात, लॉक कधी लावायचं, आणि लाल शाईने, बायपासला हात लावण्याआधी फेडर खाली.